‘घाट’ आणि ‘घाटी’ : कर्जत-खालापूर परिसरातील एका शब्दाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

‘ते घाटावर गेले आहेत’ हे वाक्य नाशिक, वाई किंवा पैठण येथे उच्चारले गेले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नदीच्या पायऱ्या उभ्या राहतात. प्रसंगी दशक्रिया विधीही. हेच वाक्य कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या गावात उच्चारले गेले तर त्याचा अर्थ होतो : सह्याद्री चढून देशावर गेले आहेत. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) ‘घाटीत नेले’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केले. आणि मुंबईत ‘घाटी’ ही शिवी आहे.

एका सामान्य शब्दाला इतके अर्थ असणे ही भाषेत नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ‘घाट’ या शब्दाच्या बाबतीत हे अर्थ केवळ कोशात शेजारी शेजारी नोंदवून भागत नाही. वाहतूक, जकात, मजुरी आणि स्थलांतर यांचा दोन हजार वर्षांचा व्यवहार त्यांच्यामागे उभा आहे. या व्यवहाराचा एक महत्त्वाचा मार्ग बोरघाटाचा असून त्याचा पायथा कर्जत-खालापूर परिसरात येतो. रायगड जिल्ह्यातील हे दोन्ही तालुके समुद्रकिनारा नसलेले आहेत. प्रशासकीयदृष्ट्या कोकणात मोडणारे, परंतु खाडी आणि नारळी-पोफळी यांपेक्षा डोंगराच्या कड्याशी ज्यांचा नित्याचा संबंध, असे हे गाव-पाडे. एकोणिसाव्या शतकात हा भूभाग ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. जिल्हे बदलले, ‘घाट’ मात्र पूर्वेला होता तिथेच राहिला. प्रस्तुत लेखात या परिसराच्या आधाराने ‘घाट’ व त्यापासून झालेला ‘घाटी’ या शब्दांचा अर्थप्रवास मांडला आहे. ‘घाटी’ या शब्दातील हिणवणी प्राचीन नाही, डोंगराच्या वाटेने माल येत होता तोवर ती नव्हती, त्याच वाटेने मजूर उतरू लागल्यावर ती बळावली, असे येथे प्रतिपादन आहे.

शब्दाचे मूळ

मराठी ‘घाट’ हा संस्कृत ‘घट्ट’पासून आला, हे सर्वमान्य आहे. घट्ट म्हणजे नदीवर उतरण्याची, नाव लागण्याची जागा. जिथे नाव लागते तिथे माल उतरतो, आणि जिथे माल उतरतो तिथे राजाचा माणूस जकातीसाठी बसतो. म्हणूनच संस्कृतात जकातनाक्याला ‘घट्टकुटी’ हा शब्द आढळतो. शास्त्रग्रंथांत वापरला जाणारा ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ प्रसिद्ध आहे : जकात चुकविण्यासाठी एक व्यापारी रात्रभर आडवाटेने भटकतो आणि पहाट होते तेव्हा नेमका जकातनाक्यासमोरच उभा असतो. ज्या मुद्द्याला बगल द्यायची, त्याच मुद्द्यावर येऊन पडणाऱ्या युक्तिवादाला हा न्याय लावतात. नदीच्या काठावरून हा शब्द डोंगरावर केव्हा चढला हे सांगणे कठीण असले, तरी कसा चढला असावा याची कल्पना येते. उतरण्याची जागा आणि जकातीची जागा ही दोन्ही लक्षणे डोंगरवाटेलाही लागू पडतात. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहनकालीन शिलालेखांच्या जोडीला दगडी रांजण आहे आणि तो जकातीचा रांजण असल्याचे लोकपरंपरा सांगते.

रचना, आकार, ठेवण या अर्थाचा ‘घाट’ मात्र वेगळ्या कुळातला मानावा लागतो. ‘घडणे’, ‘घडवणे’, ‘सुघड’ हे त्याचे सोयरे. भांड्याचा घाट, मूर्तीचा घाट, घाटदार बांधा हे प्रयोग त्यातूनच आले. ‘घाट घालणे’ हा वाक्प्रचारही याच शाखेचा. ‘मुलीच्या लग्नाचा घाट घातला’, ‘संमेलनाचा घाट घातला’ अशा वाक्यांत मोठ्या खटाटोपाच्या कामाची जुळवाजुळव अभिप्रेत असते, आणि बहुधा बोलणाऱ्याची थोडी नापसंतीही. ज्याला ते काम मनापासून पटलेले असते तो ‘घाट घातला’ म्हणत नाही, ‘योजले’ म्हणतो. पायऱ्यांच्या आणि डोंगराच्या घाटासाठी क्रियापद निराळे आहे : तो घाट ‘बांधतात’. हरभऱ्याचे ‘घाटे’ आणि हिंदीतून आलेला तोट्याचा ‘घाटा’ यांचा या दोहोंशी काही संबंध नाही. ध्वनिसाम्यावरून होणारा घोळ टाळण्यापुरताच त्यांचा येथे उल्लेख.

आणखी एक तपशील सूचक आहे. अनेक ठिकाणी वावरून शहाणा झालेल्या माणसाला हिंदीत ‘घाट-घाट का पानी’ प्यालेला म्हणतात. मराठीत तो ‘बारा गावचे पाणी’ प्यालेला असतो. सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या मराठीला ‘घाट’ म्हटल्यावर आधी पाणी आठवत नाही, चढण आठवते.

पायथ्याची भाषा : वाट, शिडी आणि घाट

कर्जत-खालापूरच्या बोलीत डोंगर चढण्याच्या प्रत्येक जागेला घाट म्हणत नाहीत. जिथे हात टेकून चढावे लागते ती ‘निसण’ किंवा ‘शिडी’, दोन कड्यांमधून जाते ती ‘नाळ’, दोन टेकड्यांमधली ती ‘खिंड’, डोंगराच्या उतरत्या अंगावरची ती ‘सोंड’. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटांची नावे ‘शिडी घाट’ आणि ‘गणेश घाट’ अशी आहेत. पहिली जवळची पण अंगावर येणारी, दुसरी लांबची पण पायाखालची. ‘घाट’ हे नाव प्रायः अशा वाटेला मिळते जिच्यावरून ओझे नेता येते, मग ते डोक्यावरचे असो की बैलाच्या पाठीवरचे. शिडी घाट हे नाव म्हणूनच काहीसे स्वतःशीच भांडणारे आहे. ते बहुधा भाविकांच्या राबत्यामुळे रूढ झाले असावे.

ओझ्याची ही वाट फार जुनी आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातील कोंडिवडे गावाजवळ असलेली कोंडाणे लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. तेथील मोडलेल्या यक्षमूर्तीजवळच्या लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. कोकणातील बंदरांकडून बोरघाट परिसर चढून कार्ले-भाज्याकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या पायथ्याशी ही लेणी येतात, वरच्या अंगाला कार्ले येते. घाटाखाली एक विसावा आणि घाटमाथ्यावर एक विसावा, ही मांडणी पुढे धर्मशाळांनी आणि त्यानंतर रेल्वे स्थानकांनीही जशीच्या तशी उचलली.

पेशवाईत या विसाव्यांची पुन्हा उभारणी झाली. कुसूर घाटाच्या पायथ्याशी भिवपुरी येथे दगडी तलाव बांधण्यात आला. त्याचे श्रेय सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांना दिले जाते. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणवीसांनी तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले. याच नानांनी वाईजवळ मेणवली येथे कृष्णेवर दगडी घाट बांधला. एकाच माणसाने ‘घाट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ दगडात उतरवले : कृष्णाकाठी पायऱ्यांचा घाट आणि बोरघाटाखाली चढणाऱ्यांसाठी पाण्याची सोय. त्या तलावामागे पुण्यसंपादनाचा हेतू होताच. परंतु घाट चढण्यापूर्वी बैलाला पाणी मिळाले नाही तर माल वर पोचत नाही, हे राज्यकारभार पाहणाऱ्याला ठाऊक असणारच.

वर काय जात होते आणि खाली काय येत होते? वंजाऱ्यांच्या तांड्यांनी मिठागरांतले मीठ, सुकी मासळी, नारळ, तांदूळ वर नेला. धान्य, गूळ, मिरची, घोंगड्या खाली आणल्या. या व्यवहारात ‘घाटावरचा’ हे विशेषण मालाला लागत असे आणि त्यात कमीपणा नव्हता. माणसांचीही ये-जा होती. भातकापणी उरकली की धनगर मेंढरे घेऊन घाट उतरत आणि कोकणातल्या शेतांत मेंढवाडा बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेत. ‘घाटावरचे आले’ ही बातमी शेतकऱ्याला हवीहवीशी होती. ज्याची वाट पाहिली जाते त्याच्या नावाची शिवी होत नाही.

घाटाला सामरिक अर्थही होता, पण तो येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेला कोंडीत पकडले ते कुरवंडे घाट उतरल्यावर लागणाऱ्या उंबरखिंडीत, आजच्या खालापूर तालुक्यातील चावणीजवळ. इंग्रजांची फौज १७७८-७९ मध्ये हा घाट चढून वर गेली आणि वडगावला शरण आली. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डला बोरघाटाच्या परिसरातून नुकसान सोसत मागे फिरावे लागले. घाट ही कोकण आणि देश यांमधील भिंत आहे, हे इंग्रजांना असे अनुभवाने कळले होते. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला, तेव्हा ही भिंत पाडल्याचीच भाषा त्यांनी वापरली.

सडक, लोहमार्ग आणि मजूर

गाडीरस्त्यामुळे तांड्यांचे दिवस संपत आले, पण ‘घाट’ या शब्दाचा खरा अर्थबदल लोहमार्गाने घडवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पळसदरी-खोपोली फाटा १२ मे १८५६ रोजी सुरू झाला. वरच्या बाजूला खंडाळा-पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट मात्र अजून पायाखालचाच होता. पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. आज लोकलचे शेवटचे स्थानक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोपोलीचे मूळ या पाच वर्षांत आहे. घाटातला मार्ग पूर्ण झाल्यावर ती फाट्यावर पडली.

घाटातल्या मार्गाचे काम १८५६ च्या प्रारंभी सुरू झाले आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि काही जागी ३७ फुटांमागे एक फूट असा चढ, ही त्याची परिमाणे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन काही आठवड्यांतच मरण पावल्यावर त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, कंत्राट पुरे करून घेतले, ही हकिकतही अलीकडे सांगितली जाते. मात्र १८६१ च्या सुमारास या उतारावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे काम करत होती आणि पटकीच्या साथींत व अपघातांत त्यांतील हजारोंचा अंत झाला, याचे स्मरण घाटात फारसे कोठे दिसत नाही. हे मजूर घाटावरील जिल्ह्यांतून आले, कोकणातून आले, दूरच्या मुलखांतूनही आले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांनी युरोपीय देखरेखदारांवर हल्ला केला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने, फॅव्हिएलने, काम सोडले. १८६० मध्ये सार्वजनिक बांधकामांवरील मालक-मजूर तंट्यांसंबंधी कायदा झाला. त्यामागे मुंबई इलाख्यातील रेल्वेकामांवरील अशा असंतोषाची पार्श्वभूमी होती. भारतातील श्रमविषयक कायद्यांच्या इतिहासात या घाटाला असे स्थान आहे. पाठ्यपुस्तकांत बोगद्यांची संख्या येते, त्या कायद्याचे नाव येत नाही.

लोकस्मृतीने मात्र आपल्या पद्धतीने एक स्मारक राखले. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे मंदिर आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटातून जाणारी वाट दाखवली, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली, अशी जनश्रुती आहे. कागदोपत्री मार्ग ठरला तो अनेक वर्षांच्या मोजणीतून. कथेतील स्वातंत्र्याची मागणी उत्तरकालीन भर असावी, असे मानण्यास जागा आहे. तरीही घाट ज्यांच्या पायांना ठाऊक होता त्यांच्याकडून ते ज्ञान घेतले गेले आणि मोबदला दिला गेला नाही, हा कथेचा गाभा मजुरांच्या अनुभवाशी विसंगत नाही. जुन्या रस्त्याने जाणारे वाहनचालक अजूनही तेथे नाणे टाकतात. घट्ट या शब्दाचा जकातीचा अर्थ जाणणाऱ्या वाचकाला ही नाणी वेगळ्या प्रकारची जकात वाटली तर आश्चर्य नाही.

लोहमार्गाने बोलीतही भर घातली. कर्जतला गाडी थांबते ती घाटासाठी. मागे जोडली जाणारी इंजिने ‘बँकर’ म्हणून ओळखली जातात आणि गाडीला बँकर लागेपर्यंतच्या मिनिटांवर कर्जत स्थानकावरील दिवाडकरांच्या बटाटेवड्याची कीर्ती उभी राहिली. ‘घाट सेक्शन’ हा शब्द रेल्वे कर्मचाऱ्यांकडून प्रवाशांत आला. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे वेळापत्रक न पाहणाऱ्या माणसालाही पाठ झाली. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीला दिशा बदलून मागे जावे लागे. नव्या मार्गाने ती अडचण दूर झाली. या परिभाषेतील सर्वांत गमतीची बाब ‘अप’ आणि ‘डाउन’ ही आहे. मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघणारी ‘डाउन’, हा रेल्वेचा नियम. त्यामुळे बोरघाट धापा टाकत चढणारी गाडी रेल्वेच्या लेखी ‘डाउन’ असते आणि ब्रेक आवळत उतरणारी ‘अप’. डोंगराने ठरवलेले वर-खाली आणि राजधानीने ठरवलेले वर-खाली कर्जतच्या फलाटावर समोरासमोर येतात. कर्जतकर दोन्ही भाषा बोलतो. नातेवाइकांकडे पुण्याला तो ‘वर’ जातो, नोकरीसाठी मुंबईला ‘अप-डाउन’ करतो.

‘घाटी’ : विशेषणाची शिवी

मुंबईच्या कापडगिरण्या आणि गोद्या यांना लागणारी माणसे प्रामुख्याने दोन दिशांनी आली. रत्नागिरी जिल्ह्यातून समुद्रमार्गे येणारे कोकणी, आणि सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर या भागांतून येणारे घाटावरचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्यांमध्ये रत्नागिरी सतत अग्रभागी आहे, आणि घाटावरील जिल्हे त्यामागोमाग. चाळीत, खानावळीत, तालमीत ‘कोकणी’ आणि ‘घाटी’ ही ओळख प्रथम केवळ दिशा सांगणारी होती. बोली निराळी, मसाला निराळा, भाकरी ज्वारी-बाजरीची की तांदळाची हे निराळे. परस्परांची थट्टा होती, आणि ती दोन्हीकडून होती.

हा शब्द घसरला तो दोन पायऱ्यांनी. पहिल्या पायरीवर तो कामाशी जोडला गेला. हमाली, घरकाम, गोदीतील ओझी ही कामे करणाऱ्यांसाठी मुंबईतील वरच्या थरांत ‘घाटी’ हे जणू हुद्द्याचे नाव झाले. डोंगरवाटेवर जो शब्द मालाचे विशेषण होता, तो शहरात माल वाहणाऱ्याचे नाव बनला. दुसऱ्या पायरीवर भूगोल पूर्णपणे गळाला. मराठी नसलेल्या मुंबईकराच्या तोंडी कोणताही मराठी माणूस ‘घाटी’ झाला, मग तो मालवणचा असो की वसईचा. जन्मात घाट न चढलेल्या माणसालाही हे नाव चिकटले. त्याच वेळी मराठी मध्यमवर्गातही ‘घाटी’ हे गावंढळ, भडक, अभिरुचिहीन यांचे विशेषण म्हणून रूढ झाले. ‘घाटी रंग’, ‘घाटी हेल’ असे बोलणारे स्वतः दोन पिढ्यांपूर्वी घाट उतरलेले असतात, ही गोष्ट येथे नोंदवायला हवी. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्या कष्टकऱ्यांना हाच शब्द याच सुरात लावला जातो. म्हणजे शिवी जन्माला येण्यासाठी मुंबईच आवश्यक होती असे नाही. किनाऱ्यावरील रोजगार आणि घाट उतरून येणारा मजूर एवढे पुरेसे होते.

याउलट, जिथे हे नाते नाही तिथे शब्द स्वच्छ राहिला. मराठवाड्यातील ‘घाटी’ रुग्णालयाचे नाव उतरणीच्या जागेवरून पडले आणि गरीब रुग्णाला तो आधाराचा शब्द वाटतो. हिंदीत ‘घाटी’ म्हणजे खोरे. तिथे तो सखल जागेचा वाचक आहे, तर मुंबईत उंचावरून आलेल्या माणसाचा. शाळांच्या मैदानांवर ‘घाटी लेझीम’ हा प्रकार कौतुकाने शिकवला जातो. आणि बाजारात ‘घाटी मसाला’ या नावाला उलट भाव आहे. तिखटपणा माणसात दोष ठरला, मसाल्यात गुण.

कर्जत-खालापूरच्या माणसाची या शब्दाच्या बाबतीतली स्थिती विलक्षण आहे. त्याच्या दृष्टीने घाटी म्हणजे वरचे लोक. तो स्वतः घाटाखालचा. पुण्याला गेला की तो ‘कोकणातला’ ठरतो, तळकोकणातील माणूस त्याला पुरता कोकणी मानायला तयार नसतो, आणि दोन-अडीच तासांच्या लोकल प्रवासानंतर मुंबईत उतरला की तोच ‘घाटी’ होतो. सकाळी ज्या शब्दाने तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुपारी तोच शब्द त्याच्याकडे वळतो. येथील आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी समाजांतील पदवीधर तरुण नोकरीच्या पहिल्या वर्षात हा अनुभव घेतात. जवळच्या माणसाशी बोलताना ते तो हसून सांगतात, परंतु शब्दाची बोच त्या हसण्याने जात नाही. आपण घाटी नाही, असा खुलासा करणे म्हणजे घाटी असणे कमीपणाचे आहे हे मान्य करणे. आणि खुलासा न करणे म्हणजे चुकीचे नाव स्वीकारणे. जकात चुकविणाऱ्या त्या व्यापाऱ्यासारखे दोन्ही वाटांनी नाक्यावरच येणे होते.

पश्चिम घाट, टोल आणि घाटावरची भट्टी

युरोपीयांनी वाटेचे नाव डोंगराला दिले. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशातही उतरण्याची जागा, डोंगरवाट आणि त्यावरून पर्वतरांग असा अर्थविस्तार नोंदलेला आहे. ‘वेस्टर्न घाट्स’ हे इंग्रजी नाव भाषांतरित होऊन ‘पश्चिम घाट’ म्हणून मराठीत परतले. मराठी माणसाचा डोंगर मात्र सह्याद्री होता. ‘घाट’ ही त्यातली फट होती. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने अहवाल सादर केला, २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळे जागतिक वारशात समाविष्ट झाली, आणि २०१४ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना वारंवार निघाल्या. त्यांत महाराष्ट्रातील दोन हजारांहून अधिक गावांचा समावेश आहे. माथेरान परिसरासाठी अशी अधिसूचना २००३ मध्येच झाली होती. परिणामी ‘घाट’ हा आता सातबाऱ्याच्या शेजारी येऊन बसणारा कायद्याचा शब्द झाला आहे. आपले गाव ‘पश्चिम घाटात’ आहे की नाही, हा प्रश्न घाटाखाली राहणाऱ्याला पूर्वी निरर्थक वाटला असता.

घाटाचे पाणीही आता वाटेने येत नाही. लोणावळा परिसरातील धरणांतील पाणी नळांतून कड्याखाली आणून टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली; भिवपुरीचे केंद्र १९२० च्या दशकात आले. वीजनिर्मितीनंतर सुटणारे हे पाणी पाताळगंगेला आणि उल्हासला मिळते. पावसाळा सरल्यावर या नद्यांकाठची गावे आणि कारखाने खऱ्या अर्थाने घाटावरचे पाणी पितात.

जकातीचा अर्थही पुन्हा जागा झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे सुरू झाला आणि त्याचा टोलनाका खालापूर येथे आहे; घट्ट आणि घट्टकुटी पुन्हा एकाच गावाजवळ. बोरघाटातील वळणे टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’चे काम हाती घेण्यात आले. त्यातील बोगदे आणि पूल यांचा उद्देशच प्रवाशाला घाट जाणवू नये हा आहे. घाटात पोटात ढवळले की मराठीत ‘गाडी लागली’ म्हणतात. दोष घाटाचा असून नाव गाडीचे होते; आता तेही कारण उरणार नाही.

घाट ज्यांच्यासाठी असा नाहीसा होत नाही, असा एक समाज या दोन्ही तालुक्यांत आहे. भातकापणी झाली की अनेक कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्यांतील कोळसा पाडणारे पुणे, सातारा, सोलापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत पोचतात. मुले बरोबर जातात, शाळा मागे राहते, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते. वाडीवर राहिलेल्या म्हाताऱ्यांना घरातले कोठे गेले असे विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते : ‘घाटावर’. गावाचे नाव त्यांना बहुधा माहीत नसते, आणि पावसाच्या आधी परत येतील एवढेच ते सांगू शकतात. त्याच सुमारास, दिवाळीनंतर, वरून धनगर मेंढरे घेऊन खाली येत असतात. बोरघाट आणि कुसूर घाटाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याकडून त्या दिवसांत दोन्ही वाक्ये ऐकू येतात : घाटावरचे उतरले, आणि आमचे घाटावर गेले.